जीएनएसएस सर्व्हेचा पाया कुठे शिकावा: साइटवर, ऑनलाइन, संस्थेत की घरच्या गच्चीवर?

जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा काढणे. त्याचा रोव्हर, म्हणजे पोलवर बसवलेला फिरता रिसीव्हर, चालवायला दोन दिवसांत येतो. पोल उभा धरायचा, बबल मधोमध आणायचा, कंट्रोलरवर 'फिक्स' दिसले की पॉइंट सेव्ह करायचा. एवढ्यावर काम मिळतेही. खरी पंचाईत होते ती त्याच गटाची मोजणी दुसऱ्या कुणी केल्यावर. दोघांच्या नकाशांत बांधाची लांबी सेंटिमीटरपर्यंत जुळते, आकार जुळतो, पण अख्खा गट दोन-अडीच मीटर सरकलेला असतो. शेतकरी विचारतो, "मग बरोबर कोणाचं?" आणि पोल धरणाऱ्याला ते सांगता येत नाही.

ते सांगता यावे इतके शिकायचे असेल तर चार वाटा आहेत: सर्व्हे एजन्सीत हाताखाली राहणे, मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम, संस्थेतले रीतसर प्रशिक्षण, आणि स्वस्त रिसीव्हर घेऊन स्वतः डेटा सोडवणे. माझे मत आधीच सांगून टाकतो. चौथ्या वाटेला सगळ्यात कमी लोक जातात आणि पाया पक्का होतो तो तिथेच. उरलेल्या तिन्हींपैकी कोणती जोडीला घ्यायची, हे तुम्ही आज कुठे आहात त्यावर ठरते.

पाया म्हणजे नेमके काय

तुलना करायला मोजपट्टी हवी. माझी मोजपट्टी तीन प्रश्नांची आहे.

पहिला: मोबाइलला तीन-चार मीटर आणि रोव्हरला दोन सेंटिमीटर, असे का? उपग्रह तेच, साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरचे. मोबाइल मुख्यतः कोडवर, म्हणजे उपग्रहाच्या लहरीवर स्वार असलेल्या ठरावीक संकेतांवर चालतो. एल-१ या फ्रिक्वेन्सीवरच्या नागरी कोडचा एकेक तुकडा सुमारे २९३ मीटर लांबीचा असतो. रोव्हर त्या कोडखालची मूळ लहर मोजतो. १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या या लहरीची लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर आणि तिचा शंभरावा भागही वाचता येतो, म्हणजे दोन मिलिमीटर. मेख एवढीच की उपग्रहापासून अँटेनापर्यंत अशा पूर्ण लहरी किती आल्या हे रिसीव्हरला ठाऊक नसते. तो पूर्णांक शोधून काढणे म्हणजेच 'फिक्स'. आणि तो पूर्णांक चुकीचाही निघू शकतो! झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडला लागून उभे असाल तर कंट्रोलर खुशाल दोन सेंटिमीटर अचूकता दाखवतो आणि पॉइंट अर्धा मीटर बाजूला पडलेला असतो. म्हणून जाणकार माणूस महत्त्वाचा कोपरा तासाभराने, नव्याने फिक्स घेऊन, पुन्हा मोजतो.

दुसरा प्रश्न बेसचा, म्हणजे एका जागी उभ्या ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरचा. आरटीके, म्हणजे बेसकडून येणाऱ्या करेक्शनवर रोव्हरने तिथल्या तिथे पॉइंट काढण्याची पद्धत, तुम्हाला जगातली जागा सांगत नाही, बेसपासूनचे अंतर आणि दिशा सांगते. बेस उभारताना कंट्रोलरने स्वतः काढलेली ढोबळ जागा स्वीकारली, तर त्यातली दोन मीटरची चूक प्रत्येक पॉइंटला तशीच चिकटते. वरच्या भांडणाचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. महाराष्ट्रात सर्व्हे ऑफ इंडियाची ७७ कॉर्स स्टेशने आहेत, म्हणजे कायमस्वरूपी चालू असलेले, जागा पक्की माहीत असलेले बेस. त्यांना बांधून काम केले की हा घोळ टळतो. तरी तारीख बघावीच लागते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे, त्यामुळे जागतिक चौकटीत वीस वर्षांपूर्वी दिलेला कोऑर्डिनेट आणि आजचा यांत मीटरभर फरक असणार.

तिसरा उंचीचा आणि प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याचा. मुंबईच्या किनाऱ्यावर रिसीव्हर ठेवला तर कच्ची उंची उणे साठ-पासष्ट मीटरच्या घरात येते. यंत्र बिघडलेले नसते. ते एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून मोजते, आणि आपल्याकडे समुद्रसपाटीशी जुळणारा जिऑइड त्याच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हे अंतर शंभर मीटरपलीकडे जाते. कालव्याचा उतार काढणाऱ्याला हे माहीत नसेल तर पाणी कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. प्रक्षेपणात विदर्भाला वेगळी डोकेदुखी आहे: ७८ अंश रेखांशावर यूटीएम या प्रक्षेपण पद्धतीचा झोन बदलतो. अकोला, अमरावती ४३ मध्ये, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. पुण्याहून आलेला माणूस जुनी जॉब फाइल उघडून नागपुरात काम सुरू करतो आणि संध्याकाळी नकाशा भलतीकडेच उमटतो.

एजन्सीत हाताखाली

पैसे मिळत शिकण्याची ही एकमेव वाट. सह्याद्रीच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज गेली की इंटरनेटवरचे करेक्शन बंद पडते आणि रेडिओवाला बेस काढावा लागतो. जुना हद्दीचा दगड कुठे दडला असेल, शेजारच्या गटवाल्याला आधी सांगायचे की नंतर, दुपारी किती पॉइंट होतील, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. वरच्या तीन प्रश्नांपैकी दुसरा इथे सुटण्याची शक्यता आहे, पण वरिष्ठाला स्वतःला माहीत असेल तरच. रोजचे पॉइंट मोजून बिल करणाऱ्या ठिकाणी 'का' विचारायला कुणाला वेळ नसतो. एजन्सी निवडताना एकच गोष्ट बघा: रॉ डेटा, म्हणजे रिसीव्हरची कच्ची मोजमापे, साठवतात का? जिथे साठवतात तिथे कुणीतरी तो कधीतरी उघडतो, आणि त्या माणसाजवळ बसायला मिळणे हीच तुमची फी वसूल.

ऑनलाइन

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा सर्व्हे आणि मॅपिंगवाल्यांसाठीचा जीपीएस-जीएनएसएस अभ्यासक्रम दहा धड्यांत, कुणालाही फुकट वाचता येतो. विषयाची मांडणी याहून नेटकी मला तरी दिसलेली नाही: सिग्नल, चुका, रिसीव्हर, डेटम (कोऑर्डिनेटची मूळ चौकट), उंची, स्टॅटिक (एका जागी बराच वेळ रेकॉर्डिंग), आरटीके, असे पायरीपायरीने. गणिताला घाबरणाऱ्यानेही वाचावा असा. उणीव आहे ती भूगोलाची. उदाहरणे तिकडच्या राज्यांच्या कोऑर्डिनेट पद्धतीची आणि तिकडच्या सरकारी सेवांची. शिवाय आयनोस्फिअरचा, म्हणजे सिग्नल अडखळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, जो त्रास आपल्याला आहे तो मध्य अक्षांशावरच्या सर्व्हेअरला तितका होत नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनोस्फिअर सर्वांत दाट असते, आणि उत्तरेकडचा तो पट्टा मध्य भारतावरून जातो. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सौर डाग वाढलेल्या वर्षांत, चांगला रोव्हरही तासन् तास 'फ्लोट'वर, म्हणजे पूर्णांक न सुटलेल्या अवस्थेत, अडकतो. ऑपरेटर अँटेनाला दोष देत बसतो.

एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची सर्व्हेची व्याख्याने आहेत. फळ्यावरचे गणित हवे असेल तर ती घ्या, गती मात्र वर्गातलीच आहे. डेहराडूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंग संस्थेचे इस्रोतर्फे चालणारे ऑनलाइन कोर्स मोफत असतात आणि हजेरी पूर्ण केली की प्रमाणपत्र मिळते. मात्र त्यांच्या मूलभूत कोर्समध्ये रिमोट सेन्सिंग (उपग्रहचित्रांचा अभ्यास) आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशे) यांच्या जोडीने जीएनएसएस येते, त्यामुळे सर्व्हेअरला लागणारी खोली तिथे शोधू नका. जीआयएसवाल्याला तेवढे पुरते.

एक संज्ञा अडली की बघायला युरोपियन स्पेस एजन्सीचा ऑनलाइन कोश, नॅव्हिपिडिया. सलग वाचायला घेऊ नका, दमाल.

संस्था

हैदराबादची एनआयजीएसटी ही सर्व्हे ऑफ इंडियाची प्रशिक्षण संस्था. यंत्रे, शिक्षक, जिओडेसीची परंपरा, सगळे आहे. पण तिथे खात्याने पाठवलेल्यांची गर्दी जास्त, आणि नोकरी सोडून आठवडेच्या आठवडे राहणे प्रत्येकाला जमत नाही. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड किंवा सिव्हिल डिप्लोमा यांची किंमत ज्ञानापेक्षा पात्रतेत आहे. भूमी अभिलेखच्या भूकरमापक पदासाठी तेच कागद मागतात, पेन स्टेटचे धडे वाचलेत म्हणून कुणी अर्ज घेणार नाही. सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

गच्चीवरची वाट

अँड्रॉइडचे सातवे व्हर्जन २०१६ मध्ये आले तेव्हापासून बऱ्याच फोनमधून जीएनएसएसचा कच्चा डेटा काढता येतो. अँटेना फालतू असल्याने सेंटिमीटर विसरा, पण फाइल आतून कशी दिसते ते कळते. त्यापुढे दोन फ्रिक्वेन्सी घेणारा रिसीव्हर बोर्ड आणि बरी अँटेना लागते. सर्व्हे-ग्रेड संच लाखांत जातो, हा जोड काही हजारांत बसतो.

अँटेना गच्चीच्या कठड्यावर पक्की बसवा आणि चार-सहा तास रेकॉर्ड करा. फाइल रायनेक्स या सगळीकडे चालणाऱ्या स्वरूपात बदलून कॅनडाच्या सीएसआरएस-पीपीपी आणि ऑस्ट्रेलियाच्या ऑसपॉस या डेटा सोडवून जागा कळवणाऱ्या दोन्ही मोफत सेवांना पाठवा. दोन उत्तरे येतील. फरक दिसला तर तो मोजमापातला आहे, की दोघांनी वेगळी चौकट आणि वेगळी तारीख धरल्यामुळे आहे, हे अहवाल वाचून शोधायचे. ऑसपॉसच्या अहवालात एलिप्सॉइडपासूनची आणि जिऑइडपासूनची अशा दोन उंच्याही असतात. तिसरा प्रश्न इथे आपोआप शिकून होतो. तीच फाइल तीन आठवड्यांनी पुन्हा पाठवा, तोवर उपग्रहांच्या अंतिम कक्षा प्रसिद्ध झालेल्या असतात. आणि एक बारीक खाच: यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, म्हणून पहाटे पाचला सुरू केलेले निरीक्षण दोन तारखांत विभागले जाते.

मग आरटीकेलिब. तोमोजी ताकासू यांनी लिहिलेले हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर दिसायला रुक्ष आहे, पण कंपनीचे सॉफ्टवेअर जे झाकून ठेवते ते सगळे इथे उघडे आहे. पुण्यातल्या गच्चीचा डेटा आधी बेंगळुरूच्या आयआयएससीमधल्या आंतरराष्ट्रीय स्टेशनशी जोडून पाहा, अंतर सातशेहून अधिक किलोमीटर. फिक्स सहजी येणार नाही. मग जवळच्या कॉर्सच्या डेटाशी जोडा. एलेव्हेशन मास्क, म्हणजे क्षितिजापासून किती अंशांखालचे उपग्रह सोडायचे ती मर्यादा, दहाची वीस करा, एखादा उपग्रह वगळा, फिक्सचे प्रमाण कसे हलते ते बघा. पहिला प्रश्न असा बोटांनी सुटतो. उणे बाजू उघड आहे: विचारायला कुणी नाही, पहिले पंधरा दिवस वैताग, आणि हद्दीचा दगड शोधायला हे काडीचे उपयोगी नाही.

कोणी काय धरावे

टोटल स्टेशन या कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर हात बसलेल्याला साइट नवी नाही. त्याने पेन स्टेटचे डेटम आणि उंचीवरचे धडे आधी वाचावेत आणि थेट गच्ची गाठावी. नुकत्याच डिप्लोमा झालेल्याने एजन्सी धरावी आणि रविवारी आरटीकेलिब. ड्रोनवाल्यांनी साइटपेक्षा प्रोसेसिंग धरावे, कारण पीपीके, म्हणजे रेकॉर्ड केलेला डेटा नंतर बेसशी जोडून सोडवणे, हे मोठ्या प्रमाणात तेच आहे. जीआयएसच्या टेबलावर बसणाऱ्याला आयआयआरएसचा कोर्स आणि यूटीएम झोनची पक्की जाण बस.

खासगी क्लासबद्दल मुद्दाम वेगळा रकाना केला नाही, कारण त्यांत कमालीची तफावत आहे. पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. सरावात बेसचा कोऑर्डिनेट कुठून आणणार? फिक्स खोटा निघालेला एखादा डेटा दाखवाल का? आणि रॉ फाइल घरी न्यायला मिळेल का? तिसऱ्यावर "त्याची गरज नाही" असे उत्तर आले, तर त्याच फीमध्ये बोर्ड आणि अँटेना येते का ते बघा.