हंटर शूज गोकाकच्या दगडावर किती टिकतात?

सह्याद्रीत चांगले चालले म्हणून कापडी हंटर शूज बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्यालाही तसेच चालतील असं धरू नका. चालतात, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात अजिबात नाही.

फरक दगडाचा आहे. सह्याद्रीतला काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घटप्रभा नदी ज्या कड्यावरून 52 मीटर खाली कोसळते तो कलादगी वालुकाश्म, त्याहून कितीतरी जुना. गारगोटीचे बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटलेले. हात फिरवला की पॉलिश पेपरसारखा लागतो. काही फरशांवर उथळ पाण्याने उमटवलेल्या लहरी अजून स्पष्ट दिसतात, त्यांवर बोटं फिरवून बघाच! थर आडवे आणि चिरा उभ्या, त्यामुळे दगड चौकोनी ठोकळ्यांत सुटतो आणि कडा धारदार राहतात.

या कोरड्या खरखरीत दगडावर हंटरचा मऊ रबरी सोल फार छान पकड घेतो. पण तोच दगड सोल खातो. आधी टाचेची बाहेरची कड झिजते. तिथल्या खुट्या सपाट झाल्या की जोडी उतारावर वापरू नये. नदीने गुळगुळीत केलेल्या ओल्या फरशीवर सोल सरळ घसरतो. सपाट दगडावर सुटी वाळू असली तर ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसं होतं. तिथे टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवा.

बेळगावच्या खडेबाजारात जोडी घेताना जाड मोजे घालून बघा आणि एक नंबर मोठा घ्या, नाहीतर उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात. आतलं अस्तर नावापुरतं असतं, वेगळा इनसोल टाकाच. जिभेच्या बाजूने वाळू शिरते, म्हणून पॅन्ट मोज्यात खोचा. चवड्याजवळ जिथे बूट दुमडतो तिथे रबर आधी सुटतं. नवे असतानाच मोच्याकडून तिथे शिवण मारून घ्या. भिजले तर उन्हात ठेवू नका, वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.

पात्र कोरडं दिसलं तरी वर धुपदाळचा बंधारा आणि हिडकलचं धरण आहे. पाणी सुटणार का हे गावात विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. कड्याच्या टोकाशी तर कुठलेच बूट घालून जाऊ नका. तिथला ठोकळा आधीच सुटलेला असू शकतो.