मॅस्टोडॉन: दोन वर्षांच्या वापरानंतर

वेताळ टेकडीवर पहाटे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी आम्ही कोथरूडची पाच-सहा मंडळी एका मोठ्या समाजमाध्यमावर लिहीत असू. एके दिवशी ते खाते अचानक बंद झाले. कारण म्हणून ‘नियमभंग’ एवढाच शब्द आला आणि दाद मागायला समोर माणूस कोणी नव्हताच. त्यानंतर आम्ही मॅस्टोडॉनवर आलो.

युजेन रोख्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीतून सुरू केलेले हे माध्यम कोणा एका कंपनीच्या ताब्यात नाही. त्याचे हजारो सर्व्हर वेगवेगळ्या व्यक्ती आणि संस्था चालवतात, आणि वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये मान्य केलेल्या ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणकामुळे, ईमेलप्रमाणेच, एका सर्व्हरवरचे लिखाण दुसऱ्यावर पोहोचते. जाहिराती नाहीत आणि नोंदी काळाच्या क्रमानेच दिसतात.

विकेंद्रीकरणाची खरी परीक्षा गेल्या वर्षी झाली. आमच्या सर्व्हरच्या चालकाने खर्च झेपत नसल्याचे प्रांजळपणे सांगून तीन महिन्यांची मुदत दिली. आम्ही दुसरा सर्व्हर निवडला, आणि बहुतेक फॉलोअर आपोआप मागे आले. मोठ्या माध्यमाने आम्हाला काढले तेव्हा एकही माणूस सोबत नेता आला नव्हता. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मात्र जुन्या नोंदी तिथेच राहिल्या. त्यांची फाइल उतरवून घेता येते, पण नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही. शिवाय हे स्थलांतर जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच करता येते. तो एका रात्रीत बंद पडला असता तर माणसेही गेली असती.

न्यायाचे म्हणाल तर तो चालकावर अवलंबून आहे. आमच्यातल्या एका मुलीला कोणी मराठीत घाणेरडे लिहिले, तेव्हा युरोपातल्या चालकाला ते वाचताच आले नाही. आम्ही अर्थ समजावून दिल्यावर त्याने ते खाते त्याच दिवशी काढले. तोच चालक मनात आणले तर आम्हाला न विचारता एखाद्या अख्ख्या सर्व्हरशी आमचा संपर्क तोडू शकतो आणि आमचे खासगी संदेशही त्याच्या आवाक्यात असतात. म्हणून विकेंद्रीकरणाने सत्ता नाहीशी होत नाही, ती लहान होते आणि तिला सोडून जाता येते, एवढे मी खात्रीने म्हणेन. खाते उघडण्याआधी सर्व्हरचे नियम आणि जमाखर्च जाहीर आहेत का, ते अवश्य पाहावे, आणि जमेल तेवढी वर्गणी द्यावी. आम्ही आता दरमहा देतो.

सध्या मी रोज रात्री दहा जुन्या नोंदी हाताने नव्या खात्यावर लिहितो. पहिल्या पावसानंतर दिसलेल्या नवरंगाची नोंद काल झाली. तिच्याखाली भांडारकर रस्त्यावरच्या एका आजोबांनी केलेली दुरुस्ती मात्र त्यांना पुन्हा लिहायची विनंती करावी लागली.