नाव मिरजेचं, भोपळा भलताच : तंबोरा घेताना झालेली फसवणूक

बहुतेक घरांत तंबोरा आयुष्यात एकदाच घेतला जातो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, आलंच तर तक्रार घेऊन येईल, आणि तेव्हा ‘हवामानाचा परिणाम’ म्हणून हात झटकता येतील, असा त्याचा हिशेब असतो. आम्हाला ४२ हजार रुपयांना विकलेल्या तंबोऱ्याची हकीकत सविस्तर लिहिते आहे, कारण या परीक्षांच्या दिवसांत बरेच पालक वाद्य घ्यायला बाहेर पडतात.

माझी मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्ण या संगीत परीक्षेची तयारी करत होती. तोवर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर भागत होतं. तिच्या बाईंनी सांगितलं, की आता तंबोरा स्वतः लावायला शिकायचा, घरी खरं वाद्य हवं. नागपुरातून मिरज लांब, म्हणून शहरातल्याच एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक तंबोरा पुढे केला आणि एकेक गोष्ट सांगितली : वाद्य मिरजेचं, भोपळा पंढरपूरकडचा, दांडी तुणाच्या लाकडाची, घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी) सांबरशिंगाची, खरजाची म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार अस्सल पितळी. मी प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारली आणि त्याने प्रत्येक वेळी ठामपणे होकार दिला. दांडीच्या मागे कुठल्याशा दुकानाचं नाव आणि ‘मिरज’ लिहिलेली छापील पट्टी होती, शेजारी भौगोलिक मानांकनाचं गोल चिन्ह. गवसणी आणि तारांचा एक जादा संच धरून किंमत ठरली.

वाद्य ऐकवताना त्याने जे केलं ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं. ‘स्केल जुळवायला’ म्हणून त्याने काउंटरवरचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मुलीच्या पट्टीला, काळी चारला लावला आणि तो चालू ठेवूनच तंबोऱ्याच्या तारा छेडल्या. खोली भरून गेली. मुलीचा चेहरा खुलला. आता कळतं, की त्या भरीव आवाजातला मोठा वाटा काउंटरवरच्या त्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा होता. बाईंना पाठवायला व्हिडिओ काढला तोही त्यानेच, आणि पेटी तेव्हाही चालू होती. चौकटीच्या बाहेर असल्यामुळे बाईंना ती दिसली नाही.

पक्कं बिल मागितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल, उगाच साडेसात हजार वाढतील.’ हे सरळ खोटं होतं. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांना जीएसटी माफ आहे. त्याला कर वाचवायचा नव्हता, कागदावर काही लिहून द्यायचं नव्हतं. आम्हाला मिळालेल्या चिठ्ठीवर फक्त ‘तानपुरा १ नग’ आणि रक्कम होती. पैसे आम्ही यूपीआयने दिले, ते पुढे फार उपयोगी पडलं.

घरी पहिल्या आठवड्यापासूनच वाद्य टिकून लागत नव्हतं. खुंटी फिरवावी, सूर यावा, मुलीने डोळे मिटून षड्ज लावावा तोवर जोडीतली, म्हणजे एकाच सुरात लावायच्या मधल्या दोन तारांतली, एक तार उतरलेली. दुकानदार म्हणाला, नवीन वाद्य आहे, बसायला वेळ लागतो. हे अर्धसत्य आहे. नव्या तारा ताणल्या जातात आणि काही दिवस उतरतात हे खरंच. पण खुंटी भोकात घट्ट बसत नसेल तर कितीही महिने थांबा, सूर टिकणार नाही. मग मे महिना आला. नागपूरचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. भोपळ्यावर, गळ्याच्या जोडाजवळून, पॉलिशमध्ये केसासारखी एक रेघ उमटली. काही दिवसांत नख अडकेल इतकी ती रुंद झाली. दुकानदाराने फोटो पाहून कळवलं : ‘कूलरसमोर ठेवला असेल. वाद्याला गॅरंटी नसते.’ तंबोरा बैठकीच्या खोलीत होता, कूलर आतल्या खोलीत. पण हे वाक्य त्याने इतक्या सफाईने म्हटलं, की ते अनेकांना म्हटलेलं असणार याची मला तेव्हाच खात्री पटली.

शेवटी आम्ही तंबोरा गवसणीत गुंडाळून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट मिरजेला नेला. मिरजेत सतारमेकरांची घरं पिढ्यानपिढ्या हेच काम करतात. मूळचे ते शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे; एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून वाद्यं घडवण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई याच गावात राहिले. तिथल्या कारखान्यांत छताला वाळत टांगलेले भोपळे पाहिले, की एका वाद्यामागे किती दिवसांची वाट पाहणं असतं ते कळतं. एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हटलं.

चाचांनी आधी पट्टीवरचं नाव वाचलं. म्हणाले, ‘ताई, या नावाचं दुकान अख्ख्या गल्लीत न्हाई.’ मग भोपळा मांडीवर घेऊन बोटाच्या पेराने टकटक करत ते गोल फिरत गेले. सगळीकडे टणक, पोकळ, घुमणारा आवाज येत होता. चिरेपाशी आले आणि एकदम थप्प. पुन्हा केलं, पुन्हा तेच. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यांनी त्या जागी चोळला. लाखेचं पॉलिश स्पिरिटने सुटतं, तसं सुटलं. पण बोळ्यावर त्याबरोबर दाट तपकिरी रंगही आला. खाली हाताच्या पंजाएवढा पट्टा लाख आणि लाकडाच्या भुशाने लिंपलेला होता. भोपळा फुटल्यावर भरून काढून, वरून रंग देऊन तो वापरला होता. ‘ह्याला तुमच्या कूलरनं काय केलेलं न्हाई. हे फुटल्यालंच तुम्हाला दिलंय,’ चाचा म्हणाले. त्यांना आमच्यापेक्षा जास्त राग आला होता, आणि तो मिरजेच्या नावाचा होता.

नंतर दांडी. वाद्य आडवं धरून त्यांनी एक डोळा मिटला आणि खुंट्यांकडून घोडीकडे दांडीवरून नजर टाकली, मग मलाही तसंच पाहायला लावलं. दांडी मधोमध पुढे वाकली होती. लाकूड पुरतं वाळायच्या आत वापरलं, की तारांच्या ताणाने आणि कोरड्या हवेने असंच होतं. तुण सावकाश वाळवावं लागतं. घाईत बनवलेल्या वाद्यात हीच पायरी गाळली जाते, आणि दुकानात उभ्याउभ्या ते समजत नाही. खुंट्यांची भोकं मोठी पडली होती. त्यांत कागद आणि खडूची भुकटी कोंबून खुंट्या अडकवल्या होत्या.

घोडीच्या तळाला, दिसणार नाही अशा जागी, त्यांनी तापवलेल्या सुईचं टोक टेकवलं. शिंग किंवा हाड असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. इथे प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि सुई लोण्यात जावी तशी आत गेली. प्लॅस्टिकची घोडी वाईटच असते असं मुळीच नाही. चांगल्या फायबरच्या घोड्या आज नामवंत कारागीरही बसवतात. पण मऊ प्लॅस्टिकमध्ये तार लगेच खाच पाडते आणि जवारी, म्हणजे झंकार येण्यासाठी घोडीला घासून दिलेला नेमका उतार, महिन्याभरात जाते. शिवाय सांबरशिंग आणि हस्तिदंत यांच्या विक्रीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. त्यामुळे आज कुणी नव्या वाद्याला ‘अस्सल सांबरशिंगाची घोडी’ म्हणत असेल, तर तो एक तर खोटं बोलतो आहे किंवा बेकायदा माल विकतो आहे. दोन्ही प्रकारांत तिथून निघावं हे बरं.

खरजाच्या ‘पितळी’ तारेला चाचांनी लोहचुंबक लावलं. तार टुणकन चिकटली. पितळ किंवा ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही. ही पोलादी तार होती, वरून पितळी मुलामा. किंमतीत धरून दिलेल्या जादा संचातली तारही तशीच निघाली. ही तपासणी कुणालाही, कुठल्याही दुकानात, सुटी तार हातात घेऊन करता येते. जोडीच्या तारा पोलादीच असतात, त्या चिकटणारच. खरजाची चिकटता कामा नये.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दोऱ्याची गोष्ट. तार आणि घोडी यांच्यामध्ये जो दोरा सरकवतात त्याने आवाजाला झंकार येतो. चांगल्या जवारीला बारीक सुती दोरा पुरतो. आमच्या वाद्यात जाड नायलॉनचा दोरा होता. तो घोडीचा दोष झाकतो आणि काहीतरी झणझणतंय असा भास निर्माण करतो. चाचांनी दोरा काढला, तर तार मेल्यासारखी वाजली आणि लगेच विझली. मग शेजारचा त्यांचा स्वतःचा तंबोरा घेतला. दोऱ्याशिवाय त्याचाही आवाज साधा होता, पण लांब टिकत होता. त्यांनी दोरा हळूहळू सरकवला आणि एका नेमक्या जागी आवाज उघडला. खरजातून गंधार स्वच्छ ऐकू आला. मुलीने तो स्वयंभू, म्हणजे तार त्या सुरात न लावता आपोआप उमटणारा, गंधार पुस्तकात वाचला होता, घरच्या तंबोऱ्यात महिनोन्‌महिने शोधला होता, आणि आपल्याच कानात काही कमी आहे असं ती समजत होती. पैशांचं दुःख आहेच, पण शिकणाऱ्या मुलीला स्वतःच्या कानावर शंका घ्यायला लावणं हे मला त्या माणसाचं सर्वांत वाईट कृत्य वाटतं.

म्हणून ऐकताना दुकानातली सगळी वाद्यं, इलेक्ट्रॉनिक तानपुरे, मोबाईलवरची ॲप्स बंद करायला सांगा. दोरा काढायला लावा, पुन्हा घालायला लावा. वाद्य लावून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा आणि सूर टिकतो का बघा. आवाज कुणाचा आहे तेही आधी सांगा. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीसाठी लेडीज तंबोरा वेगळा असतो आणि पुरुषांच्या पट्टीचा वेगळा. ‘सगळ्या पट्ट्यांना चालतो’ हे वाक्य माल खपवण्यासाठी असतं. शक्य असेल तर गुरूंना प्रत्यक्ष न्या. व्हिडिओवरून तंबोरा पारखता येत नाही. मायक्रोफोन झंकार खातो आणि शेजारचे आवाज घेतो.

मानांकनाबद्दलही स्पष्ट सांगते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वापरण्यासाठी कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. ती नोंद चेन्नईच्या भौगोलिक उपदर्शन नोंदणी कार्यालयाकडे असते आणि त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. नुसतं छापील चिन्ह पाहून भुलू नका, नोंदणी क्रमांक मागा. खोटं मानांकन लावणं हा १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मिरजेहून आल्यावर आम्ही दुकानदाराला पाठवलेल्या नोटिशीत वकिलांनी हा मुद्दा घातल्यावर दुकानदाराचा सूर प्रथमच बदलला. दहा हजार परत देतो, पण ‘कुठलीही तक्रार नाही’ असं लिहून द्या, म्हणाला. आम्ही नाही म्हटलं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, तीही कागदपत्रांत जोडली. चिठ्ठी कच्ची असली तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि त्याने स्वतः काढून पाठवलेला व्हिडिओ हे पुरावे झाले. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने तर वाद्य न पाहताच, समाजमाध्यमावरच्या फोटोंवरून निम्मी रक्कम आगाऊ पाठवली. वाद्यही आलं नाही आणि तो नंबरही बंद झाला. असं झालं तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांतून फिरण्याआधी गोठवता आले तरच परत येतात.

जुना तंबोरा दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तो पुराव्यासाठी तसाच ठेवायला सांगितला. नवा त्यांच्याकडेच घडतो आहे. आगाऊ रक्कम देताना त्यांनी न मागता पावतीवर स्वतःच्या हाताने जे लिहिलं ते इथे उतरवते, तुम्हीही विकणाऱ्याकडून हेच लिहून घ्या : ‘लेडीज तंबोरा, काळी चार. भोपळा अखंड, न सांधलेला. दांडी व तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) तुण, वाळलेलं लाकूड. घोडी फायबरची. जोडीच्या तारा पोलादी, खरज ब्राँझ. एक वर्षात दांडी वाकल्यास, भोपळा तडकल्यास अथवा जोड सुटल्यास दुरुस्ती विनामूल्य, जवारी दोनदा मोफत.’ खाली सही, तारीख आणि कारखान्याचा शिक्का.