घरच्या वर्कशॉपात हवेची लाईन: १४ महिने, दोन पावसाळे

गेल्या वर्षी चतुर्थीला आठ दिवस उरले असताना मामाच्या घरच्या गणपतीचा सागवानी चौरंग मी पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशला घेतला. दोन हात सुरेख बसले. तिसऱ्या हाताला कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या स्प्रे गननं एकदम थुंकल्यासारखं केलं आणि पॉलिशबरोबर पाणी चौरंगावर पडलं. बघता बघता बारीक खड्डे उठले, कडेला पांढरट डाग धरले. ती रात्र सगळं पॉलिश सँडपेपरनं उतरवण्यात गेली. सकाळी मी दुकानात जाऊन पॉलिश विकणाऱ्याशी भांडलो, माल भेसळीचा आहे असं चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. त्याचा काहीही दोष नव्हता. पुढं जाऊन मी त्याची माफी मागितली, पण तो प्रसंग अजून टोचतो. दोष माझ्या हवेच्या लाईनचा होता, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितोय.

आमचं घर कुडाळजवळ. मागच्या पडवीला चिऱ्याच्या भिंती घालून साधारण १४ बाय २२ फुटांचं वर्कशॉप केलंय. कॉम्प्रेसर बहुतेकांकडे असतो तसाच: २ एचपी, बेल्टवाला, सिंगल स्टेज, ११० लिटरची टाकी, ८ बार दाबाला बंद, ६ बारला पुन्हा सुरू. त्याच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. हा अनुभव त्याच्या पुढच्या दहा मीटर नळीचा आहे.

आधी पीव्हीसीबद्दल, कारण सुरुवात मी तिथूनच केली आणि अजूनही लोक तिथूनच करतात. बाथरूमच्या कामातली अर्ध्या इंचाची नळी उरली होती. आमच्या प्लंबरला विचारलं तर म्हणाला, "पाण्याक चलता, मगे हवेक कित्याक चलाचा नाय?" नळीवर १० किलोचा आकडा छापलेला होता, मलाही पटलं. साडेसहा आठवडे चालली. मग एका दुपारी मी जेवायला घरात असताना कॉम्प्रेसरजवळचा एल्बो फुटला. आवाज शेजारच्या वाडीपर्यंत गेला. एक चिरफळी समोरच्या प्लायवूडमध्ये रुतून बसली होती, पक्कडीनं ओढून काढावी लागली. दहा मिनिटांपूर्वी माझा पुतण्या त्याच प्लायवूडपाशी स्टुलावर बसला होता.

नळीवरचा तो आकडा थंड पाण्यासाठी असतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे तडा गेला की थोडं पाणी उडतं आणि दाब तिथंच संपतो. हवा स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. तडा गेला की टाकीभर हवा एकाच वेळी बाहेर झेपावते आणि पीव्हीसीचे काचेसारखे तुकडे घेऊन उडते. त्यात कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम असते, आणि ६० अंशांना पीव्हीसीची दाब सोसण्याची ताकद जेमतेम पाव उरते. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेनं १९८८ सालीच जमिनीवरच्या हवेच्या लाईनला पीव्हीसी वापरू नका असा इशारा काढला होता. आपल्याकडे गॅरेजवाले, सुतार, टायरवाले आजही सर्रास लावतात. कुणाच्या घरी अशी नळी असेल तर हे वाचून झाल्यावर टाकी रिकामी करा आणि ती काढा, एवढी कळकळीची विनंती आहे.

जूनमध्ये पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी नळी, टाकली. बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीची, निळ्या पट्ट्याची. पिवळी पट्टी ए, लाल पट्टी सी. हार्डवेअरवाल्यानंच माप देऊन कापून आटे पाडून दिले. सांध्यांना प्लंबर सफेदा आणि धागा लावणार होता. मी टेफ्लॉन टेप लावली, पहिला आटा मोकळा सोडून, कारण टेपचा तुकडा आत सुटला तर थेट गनच्या नोझलमध्ये अडकतो. कॉम्प्रेसर आणि नळीच्या मध्ये दोन फूट रबरी होज ठेवला, नाहीतर कंपनांनी पहिलाच सांधा सैल होतो. दोन ठिकाणी युनियन, म्हणजे नळी न फिरवता उघडता येणारे सांधे, घातले. आणखी एक घालायला हवा होता.

उतारही दिला, मीटरला एक सेंटिमीटर, कॉम्प्रेसरकडून दूर जाणारा. एवढं सगळं नीट करून मी सहाशे रुपये वाचवले आणि तिथंच फसलो. हत्यारांसाठी खाली उतरणाऱ्या फांद्या मुख्य नळीच्या वरच्या बाजूनं काढायच्या असतात. टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, वर तोंड करून बसवायची, तिथून वळसा घेऊन नळी खाली आणायची. म्हणजे मुख्य नळीच्या तळाशी वाहणारं पाणी फांदीत उतरत नाही, सरळ पुढं शेवटच्या ड्रेनकडे जातं. यासाठी प्रत्येक फांदीला दोन एल्बो आणि एक-दोन निपल (आट्यांचे आखूड तुकडे) जास्त लागतात. मला ती उधळपट्टी वाटली. टी सरळ खाली तोंड करून बसवली, आणि लाईनमधलं सगळं पाणी गनकडे नेणारी पन्हळ स्वतःच्या हातानं तयार केली.

दुसरी चूक फिल्टरची. फिल्टर-रेग्युलेटर (हवेतलं पाणी गाळून दाब ठरवणारा भाग) मी कॉम्प्रेसरच्या अंगावरच बसवला होता, विकणाऱ्यानं तसाच दाखवला म्हणून. तिथं हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि हा फिल्टर फक्त थेंब पकडतो. वाफ त्याच्यातून निघून जायची, पुढं नळीत गार होऊन तिचं पाणी व्हायचं. फिल्टरची वाटी मात्र कायम कोरडी, त्यामुळे लाईनमध्ये पाणी नाही असा माझा पक्का समज.

चतुर्थी झाल्यावर दोन्ही गोष्टी सुधारल्या. टी उलट्या फिरवल्या, प्रत्येक फांदीच्या तळाला फूटभर नळी आणि बॉल व्हॉल्व्ह दिला, हत्याराचं तोंड त्याच्या वर आडव्या टीमधून काढलं. फिल्टर गनच्या अगदी आधी, लाईनच्या टोकाला नेला. हवेत तेल सोडणारा लुब्रिकेटर बसवलाच नाही; ज्या लाईनवर पॉलिश करायचं तिच्यात तेल चालत नाही. इम्पॅक्ट रेंचला काम सुरू करण्याआधी दोन थेंब हातानं घालतो.

पाणी येतं तरी किती, याचा हिशेब मी एकदा वहीत मांडला आणि थक्क झालो. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. जुलैत आमच्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचित येते, म्हणजे २४ ग्रॅम धरा. ८ बारला नेताना (बाहेरच्या हवेचा एक बार धरून) आपण नऊ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो. त्या नऊ घनमीटरांतलं पाणी २१६ ग्रॅम. गार झाल्यावर त्या एका घनमीटरात मावणार पुन्हा तेच ३०. उरलेलं १८६ ग्रॅम पाणी होऊन खाली बसतं. माझा कॉम्प्रेसर तासाला साधारण साडेआठ घनमीटर हवा देतो. म्हणजे मोटर तासभर चालली की पावणेदोनशे मिलिलिटर पाणी कुठंतरी जमा होणारच. मी टाकीखाली बाटली धरून मोजलं: तासाभराच्या चालीला १२० ते १३० मिलि टाकीतच मिळतं, बाकीचं लाईनमध्ये जातं.

आता टाकीच्या ड्रेनबद्दल, आणि याबद्दल मी बराच वेळ बोलणार आहे. कॉम्प्रेसरबरोबर येतो तो ड्रेन कॉक टाकीच्या पोटाखाली, मधोमध, जमिनीपासून चार बोटांवर असतो. तो उघडायला जमिनीवर पालथं पडून हात आत घालावा लागतो, चिमटीत न मावणारी चकती फिरवावी लागते, आणि गंजाचा कण अडकला की तो नीट बंदही होत नाही. जे काम रोज करायचं ते इतकं त्रासाचं करून ठेवल्यावर माणूस ते पंधरा दिवसांनी करतो. मीही तेच करत होतो. टाकीत पाणी साचून राहिलं की ते आधी टाकीचा तळ आतून गंजवतं, आणि बाहेरून त्यातलं काहीच दिसत नाही. कारखान्यात प्रेशर व्हेसलसाठी, म्हणजे दाबाच्या टाक्यांसाठी, १९४८ च्या कारखाने अधिनियमात २०२५ पर्यंत कलम ३१ होतं, त्यांची ठरावीक काळानं तपासणी होते. घरातल्या टाकीकडं बघणारे आपणच.

मी कॉम्प्रेसर रबरी पॅडसकट दोन चिऱ्यांवर चढवला. ड्रेन कॉक काढून तिथं एल्बो आणि लांब निपल लावून नळी आडवी पुढं आणली, टोकाला लिव्हरचा बॉल व्हॉल्व्ह. त्याखाली बाटली उभी राहते. खर्च ४८० रुपये, वेळ एक सकाळ. आता काम संपलं की उभ्या उभ्या वाकून लिव्हर पाव फेरा फिरवायचा, फुस्स आवाज, तांबूस पाणी बाटलीत, लिव्हर बंद. दहा सेकंद लागतात. हजारो रुपयांच्या या सगळ्या मांडणीत मला सर्वात जास्त समाधान या व्हॉल्व्हनं दिलंय. ऑटो ड्रेन लावा असं अनेकांनी सुचवलं. मला तो नको आहे, कारण बाटलीत किती पाणी आलं हे मला रोज दिसायला हवं. सप्टेंबरनंतर ते कमी होतं, जानेवारीत अगदी थोडं, आणि मेअखेर पुन्हा वाढायला लागलं की पाऊस जवळ आला.

डिसेंबरात लाईन अचानक रात्रीतून रिकामी व्हायला लागली. साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या सांध्यांना लावलं. आट्याचा एकही सांधा गळत नव्हता, एक क्विक कपलर (होज झटकन लावायचा-काढायचा जोड) मात्र फेसाळला. तो बदलला तरी टाकी ८ बारवरून ६ वर २२ मिनिटांत यायची. दोन बारचा फरक गुणिले ११० लिटर म्हणजे २२० लिटर हवा, मिनिटाला १० लिटर. मोटर बंद झाल्यावर प्रेशर स्विचच्या खालून बारीक सूं आवाज येत राहायचा. हा आवाज थांबत नसेल तर टाकीच्या तोंडावरचा, हवा एकाच दिशेनं सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय असं समजा. टाकीतली हवा उलटी येऊन त्या वाटेनं बाहेर जाते.

वॉरंटी होती. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, तुम्ही बाहेर लाईन जोडली, ती गळते. मी म्हटलं, लाईनचा मेन व्हॉल्व्ह बंद करून बघा. फोनवर ते ऐकायलाच तयार नव्हते. शेवटी व्हॉल्व्ह बंद, समोर घड्याळ, खाली उतरणारा काटा असा व्हिडिओ पाठवला. २३ दिवसांनी माणूस आला, पाच मिनिटांत व्हॉल्व्ह उघडला, आतली रबरी सीट काजळी आणि गंजानं खराब झालेली. भाग फुकट मिळाला, येण्याजाण्याचे साडेतीनशे घेतले. तेवीस दिवसांचा राग मी अजून विसरलेलो नाही. लाईन टाकणाऱ्यानं कॉम्प्रेसरजवळ मेन बॉल व्हॉल्व्ह घालायलाच हवा. तो नसता तर मला काहीच सिद्ध करता आलं नसतं.

एक मत बदललंय, तेही सांगतो. हिवाळ्यात मी भेटेल त्याला सांगत होतो की जीआय टाकून चूक केली, मधे ॲल्युमिनियमचा थर असलेली कंपोझिट नळी घ्यायला हवी होती. मित्रानं ती टाकली, एका दुपारीत काम झालं. आटे नाहीत, गंज नाही. माझ्या फिल्टरच्या वाटीत मात्र तपकिरी भुकटी येते, ती महिन्यातून एकदा धुवावी लागते. या जूनमध्ये मी ते मत मागं घेतलं. त्याच्या गनजवळच्या फिल्टरची वाटी पावसात माझ्यापेक्षा फार लवकर भरते. दोघांचे कॉम्प्रेसर वेगळे, त्यामुळे ही काही काटेकोर तुलना नाही. पण उघड्या लोखंडी नळीत हवा लवकर निवते, पाणी वाटेतच सुटतं आणि ड्रेनला मिळतं, हे मला पटलंय. आमच्या हवामानात मी पुन्हा जीआयच टाकीन. कोरड्या भागात राहणाऱ्यानं कंपोझिटचा विचार जरूर करावा.

जाड नळी घेतली की हवेचा साठा वाढतो असं काही जण म्हणतात. पाऊण इंची दहा मीटर नळीत चार लिटरसुद्धा हवा मावत नाही. जाडीचा फायदा दाब कमी न होण्यात आहे, आणि तो शेवटच्या टप्प्यावर बारीक नळी लावून घालवू नये. माझी ८ मिमीची पीयू ट्यूब म्हणजे बाहेरून ८, आतून ५. रेग्युलेटरवर ४ बार दिसायचे आणि ट्रिगर ओढला की गनच्या मुळाशी अडीच. १२ मिमीची, आतून ८ असलेली ट्यूब लावल्यावर गन पहिल्यांदा मोकळी चालली.

सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढतो. रात्री मेन बंद करून लाईन रिकामी करतो. तिसरा युनियन गणपती झाल्यावर घालणार.

मामाचा चौरंग यंदा पुन्हा माझ्याकडे आलाय. मागच्या खेपेला घाईत हातानं उरकलेलं पॉलिश पूर्ण उतरवलं आणि गेल्या रविवारी, बाहेर धो धो पाऊस असताना, दारं लावून तीन हात गननं मारले. पॉलिश त्याच दुकानातून आणलं होतं. सुरू करण्याआधी टाकीतून ९० मिलि पाणी निघालं, शेवटच्या फांदीतून चमचाभर, फिल्टरच्या वाटीत काही नाही. आज सकाळी चौरंगावर हात फिरवून पाहिला, कुठंही खड्डा लागला नाही. शनिवारी मामा न्यायला येतोय.