मुलाखत अवघड होती, नोकरी मात्र नव्हतीच

'नोकरीसाठी पैसे मागितले की समजायचं फ्रॉड' हे वाक्य मराठवाड्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मलाही होतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीच्या नावाने माझे १५,०५० रुपये गेले ते हे वाक्य पाठ असतानाच, आणि मुलाखतीच्या हॉलमध्ये सोबत बसलेल्या बऱ्याच जणांचे गेले. फसवणुकीच्या ज्या खुणा सगळीकडे सांगतात, त्यातल्या बहुतेक तिथे नव्हत्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पगारापासून सुरू करू. बातमीत नेहमी 'गलेलठ्ठ पगाराचं आमिष' असं छापून येतं. मला सांगितलं होतं महिना १८,५०० सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, हातात पंधराच्या आसपास, कॅन्टीन आणि बस कंपनीची. बजाजनगरला नाहीतर रांजणगाव शेणपुंजीत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहणाऱ्या कुठल्याही डिप्लोमावाल्याला विचारा, आसपासचाच आकडा सांगेल. यात कसलं आलंय आमिष? शंका येऊ नये इतपत कमी पगार सांगायचा, हीच त्यांची हुशारी.

फोन आला तेव्हा एचआर मॅडमना माझी टक्केवारी, पासिंगचं वर्ष, गाव, सगळं माहीत होतं. जॉब पोर्टलवर टाकलेला बायोडाटा कुणाच्याही हाती लागतो, हे नंतर कळलं. मेल आला त्यावर लोगो होता. पत्त्यात आधी कंपनीचं नाव, मग आडवी रेघ आणि 'करिअर्स'. खऱ्या कंपनीच्या पत्त्यात ती रेघ नाही, पण मोबाइलवर मेल उघडला की वर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पत्ता दाबून बघावा लागतो. प्लांटमध्ये ऑडिट चालू आहे म्हणून मुलाखती जालना रोडवरच्या एका हॉटेलात ठेवल्यात, असं कारण दिलं होतं. हॉटेलच्या हॉलमध्ये खऱ्या कंपन्याही मुलाखती घेतात, त्यामुळे त्यातही वावगं वाटलं नाही.

आता मुलाखत. गळ्यात पट्टे घातलेले तिघे, मागे कंपनीचा स्टँडी, दाराशी टोकन देणारा मुलगा. मधल्या सरांनी वर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्या साधनाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप विचारलं. ०.०२ मिलिमीटर म्हटलं. मायक्रोमीटरचा? ०.०१. मग त्यांनी टेबलावर एका शाफ्टचं ड्रॉइंग सरकवलं आणि पेनाच्या टोकाने एच ७ / जी ६ दाखवून विचारलं, 'हा कुठला फिट?' मी क्लिअरन्स म्हणालो, म्हणजे शाफ्ट आणि भोक यांत थोडी फट राहणारा. 'शुअर?' म्हणून ते इतका वेळ बघत राहिले की माझे हात ओले झाले. हा माणूस कधीतरी कारखान्याच्या शॉपवर काम केलेला होता, याबद्दल मला आजही शंका नाही. माझ्या आधी आत गेलेला अंबडचा एक जण उतरल्या तोंडाने बाहेर आला. 'कम्युनिकेशन वीक' म्हणून त्याला काढलं होतं. तो त्यांचाच माणूस होता की खरंच नापास केलेला, देव जाणे. पण सगळं नाटक उभं होतं ते या नापासांवर. जिथे काही जण गळतात तिथे आपली निवड झाली की पैशाचा विषय दुय्यम होतो.

शेवटची पाच मिनिटं उजवीकडच्या मॅडमची. वडील काय करतात, शेती किती, कोरडवाहू की बागायती, घरात आणखी कोण कमावतं. आपल्याकडे असले प्रश्न खऱ्या मुलाखतीतही विचारतात, त्यामुळे कुणाला खटकत नाही. आता वाटतं, लीस्ट काउंट वगैरे सगळं वरवरचं होतं आणि आमची खरी मुलाखत हीच होती. कोणाकडून किती निघेल याचा तो अंदाज होता. माझ्याकडून तिसऱ्या हप्त्याला ९,००० मागितले. माझ्यासोबतच्या ज्याचे वडील शिक्षक आहेत, त्याच्याकडे त्याच हप्त्याला २२,००० मागितले.

निवडीचं पत्र येईपर्यंत पैशाचा शब्दही नव्हता. पत्रानंतर मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे १,८५०. मग युनिफॉर्म आणि सेफ्टी शूजचे ४,२००, 'पहिल्या पगारात परत'. मग जॉइनिंगच्या आदल्या संध्याकाळी राहण्याचं डिपॉझिट ९,०००, आणि 'आज भरलं नाही तर वेटिंगवाल्याला सीट जाईल'. सोयाबीनची पट्टी नुकतीच आली होती, त्यातूनच दिले. प्रत्येक वेळी पावती यायची, जीएसटी नंबरसकट. तो नंबर मी जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून पाहिला होता. नाव कंपनीचंच आलं. येणारच, कारण नंबर खराच होता, कुठूनतरी उचलून पावतीवर छापलेला. जीएसटी नंबर, कंपनीचा नोंदणी क्रमांक, रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता या गोष्टी कुणालाही मिळतात. त्या जुळल्या म्हणून कागद खरा ठरत नाही.

त्यांचं उघडं पडत होतं ते एकाच जागी. क्यूआर स्कॅन केला की पैसे घेणारा म्हणून एका माणसाचं नाव यायचं, कंपनीचं नाही. विचारलं तर 'अकाउंट्सचे सर आहेत'. मोठी कंपनी कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेत नसते. मुळात उमेदवाराकडून बुटाचे पैसे घ्यायची तिला गरजच नसते.

सोमवारी सकाळी गेटवर आम्ही चौघे, हातात तेच पत्र. वॉचमन जिंतूरकडचे होते. त्यांनी पत्र उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, 'बाळा, हे आमचं लेटर न्हाई. जॉइनिंगवाल्याची यादी आदल्या दिशीच येती गेटवर. तुमची नावं असती तर मीच हाक मारली असती.' दर दोन-चार सोमवारी अशी पोरं येतात, असंही सांगितलं. आतून एचआरचे साहेब आले, पत्राचा फोटो काढला, 'आमचा संबंध नाही, पोलिसांत जा' म्हणाले आणि गेले. संबंध नसेल, मान्य. पण दर दोन-चार सोमवारी पोरं येतात हे माहीत असताना गेटवर एक बोर्ड लावायला काय जातं?

म्हणून सांगतो, पत्र हातात पडलं की एक रुपयाही भरण्याआधी गेटवर जा. सिडको बसस्थानकावरून वाळूज काही लांब नाही. टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी नोंदवतात तिथे नाव सांगा. जाणं जमत नसेल तर कंपनीच्या मूळ वेबसाइटवरचा नंबर काढून फोन करा. पत्रावरच्या नंबरवर केला तर पलीकडे त्याच मॅडम असतात.

गेटवरूनच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदली गेली, पोचक्रमांक आला, मग नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर पुरावे चढवले. आदल्या संध्याकाळच्या ९,००० पैकी काही रक्कम पुढच्या खात्यात गोठली, बाकीची तोवर काढली गेली होती. आधीच्या दोन हप्त्यांचं नाव घ्यायला नको. गोठलेले पैसे सुटायलाही तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) आणि ३१९ (तोतयेगिरी करून फसवणूक) खाली, शिवाय आयटी कायद्याचं ६६ डी. एवढं माहीत असलेलं बरं, कारण 'नोकरीचा वाद आहे, आपसात मिटवा' असं सांगणारेही भेटतात.

चौघांतला हिंगोलीचा मुलगा सुरुवातीला खूश होता. त्याचे १,८५० च गेले होते. पण त्याच्याकडून 'सॅलरी अकाउंट' म्हणून नवं खातं उघडून घेतलं होतं, आणि एटीएम, पासबुक, खात्याला जोडलेलं सिम असं सगळं 'ऑफिसला जमा' करून घेतलं होतं. सायबरच्या हवालदारांनी ते ऐकलं आणि आमचे कागद बाजूला ठेवून आधी त्याला बँकेत पिटाळलं. असल्या खात्यांतूनच दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरवतात आणि नोटीस येते ती खातेदाराच्या दारी. चौघांत सगळ्यात मोठ्या संकटात तोच होता. तुमचे पैसे गेले नसतील पण खातं किंवा सिम दिलं असेल, तर आजच बंद करा आणि तक्रार नोंदवा.

त्यानंतर एका खऱ्या कंपनीत मुलाखत दिली. गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावलं, तीन तास बाकड्यावर बसवलं, चहा नाही. बाहीला ग्रीस लागलेल्या एका इंजिनिअरने उभ्या उभ्या चार प्रश्न विचारले आणि 'कळवतो' म्हणाला. अजून कळवलेलं नाही.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या पुन्हा एक मजकूर फिरतोय. या वेळी वाळूजऐवजी शेंद्रा-बिडकीन आहे. २०२४ मध्ये तिथल्या ऑरिक या औद्योगिक शहरात मोठे वाहन प्रकल्प येणार अशा घोषणा झाल्या, त्यातलंच एक नाव वापरलंय. पगार १९,०००, मुलाखत हॉटेलच्या हॉलमध्ये, निवड झाल्यावर मेडिकलचे १,८५०.