लाकडी कबूसचा लेझर-कट संच: गोव्याच्या हवेत जोडताना

अमेरिकी मालगाडीच्या शेवटी पूर्वी लागणारा कबूस म्हणजे तिकडची ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा), फक्त बहुतेकांच्या छपरावर टेहळणीची छोटी खोली, म्हणजे क्युपोला. मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात (१:८७) त्याचे लेझरने कापलेले लाकडी संच मिळतात. रचना सगळ्यांची जवळपास सारखीच, त्यामुळे इथे एका कंपनीबद्दल न लिहिता या जातीच्या संचाबद्दल लिहिलं आहे. निकाल आधीच सांगायचा तर कापणी अव्वल, सूचनापत्रक बेताचं, आणि जुलैत जोडायला घ्याल तर पस्तावाल.

खोक्यात साधारण दीड मिलिमीटर प्लायच्या आतल्या भिंती, त्यावर बसणारं रेघा मारलेलं बासवुडचं (हलक्या, मऊ लाकडाचं) पातळ सायडिंग म्हणजे बाहेरचं आवरण, मागे गोंद लावलेल्या खिडक्यांच्या चौकटी, छप्पर, धुरांडं आणि ब्रेकच्या चाकासारखे ओतीव सुटे भाग, आणि तार. बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) बहुतेक वेळा नसतात. खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ऑर्डर देण्याआधी वाचा.

कापणीबद्दल तक्रार नाही. जिभा खाचांत घट्ट बसतात, काटकोन आपोआप जुळतो. खरी परीक्षा आहे लाकडाची. सायडिंगच्या फळ्या उभ्या, म्हणजे लाकडाची रेषाही उभी. लाकूड फुगतं ते रेषेला आडवं, म्हणून फरक पडतो डब्याच्या लांबीत. बाहेरून रंग दिला आणि आतली बाजू कोरी ठेवली, की पावसाळ्यातली ओल आतूनच शिरते, आतली बाजू ताणते आणि भिंत मधोमध आत ओढल्यासारखी दिसू लागते. आतली भिंत प्लायची असली तरी एवढ्या पातळ प्लायला ते रोखता येत नाही. सूचनापत्रकात याबद्दल अवाक्षर नाही. लिहिणाऱ्याने आपला श्रावण पाहिलेला नसावा.

उपाय स्वस्त आहे. सुतार वापरतात तो थिनरवाला सँडिंग सीलर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. भाग लाकडाच्या तावातून सोडवण्याआधीच दोन्ही बाजूंना दोन पातळ हात द्या, मध्ये ४०० नंबरचा पॉलिशपेपर हलकेच फिरवा. खाचा आणि जिभांवर मात्र मास्किंग टेप लावा, कारण सीलर बसलेल्या लाकडावर फेव्हिकॉल धरत नाही. त्याच कारणाने सायडिंग चिकटवायला सनमायकावाला रबरी गोंद बरा: दोन्ही पृष्ठांवर पातळ थर, बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, तेव्हा खालची कड पोलादी पट्टीला टेकवूनच बसवा. नंतर आतून कोपऱ्यांत आणि भिंतीच्या मध्यावर ३ मिमी चौकोनी पट्ट्यांचा आधार द्या.

खिडक्यांच्या चौकटींचा गोंद कोऱ्या किंवा धूळ असलेल्या लाकडावर कोपऱ्यातून सुटतो. सीलर मारलेल्या लाकडावर धूळ पुसून बसवल्या की प्रश्न मिटतो. खिडकीच्या पारदर्शक पत्र्याजवळ फेव्हिक्विक नेऊच नका, त्याच्या वाफेने पांढरट धुकं चढतं आणि पुसून जात नाही.

पकडदांड्यांसाठी ०.३ मिमी तार आणि ०.३५ मिमीचं ड्रिल, हातातल्या पिन-व्हाइसमध्ये, म्हणजे बोटांनी फिरवायच्या ड्रिलच्या मुठीत. ड्रिल टेकवण्याआधी सुईने खूण करा, नाहीतर टोक सायडिंगच्या रेघेत घसरतं. पितळ किंवा फॉस्फर ब्राँझच वापरा. खाऱ्या हवेत पोलादी तारेचा गंज रंगाखालून वर येतो.

आता चाकं. कबूस गाडीच्या शेपटीला असल्याने त्याचा डुगडुगाट लगेच नजरेत भरतो. एक बोगी फक्त वळेल इतकी कसा, दुसरी वळेल आणि किंचित झुलेलही इतकी सैल ठेवा. म्हणजे डबा तीन बिंदूंवर उभा राहतो आणि रुळाच्या उंचसखलपणात चाक उचलत नाही. वजनासाठी एनएमआरएची (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची) शिफारस १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. साडेचार इंची डब्याला ती सव्वातीन औंस, म्हणजे सुमारे ९२ ग्रॅम होते. लाकडी डबा याच्या जवळपासही जात नाही. भर घाला, पण ती जमिनीलगत आणि दोन्ही बोगींच्या वर सारखी वाटून. लोखंडी नट वापरत असाल तर आधी रंगवा. छप्पर कायमचं चिकटवण्याआधी काट्यावर ठेवून बघा.

कपलरची उंची रुळाच्या माथ्यापासून मध्यापर्यंत २५/६४ इंच, म्हणजे साधारण ९.९ मिमी हवी. लाकडी जमिनीवर ती क्वचितच पहिल्या फटक्यात जुळते. कॅडी या कपलर बनवणाऱ्या कंपनीचा २०५ नंबरचा मापक रुळावर ठेवून पाहा. डबा खाली असेल तर बोगी आणि बोल्स्टरमध्ये (बोगी जिथे बसते त्या डब्याखालच्या आडव्या पट्टीत) पातळ वॉशर घाला, वर असेल तर डब्याची जमीन आणि कपलरची पेटी यांच्यामध्ये पट्टी. कॅडी ५ किंवा १४८ दोन्ही चालतात, १४८ मध्ये स्प्रिंगचा पत्रा वेगळा बसवावा लागत नाही.

रंगाबद्दल एवढंच: दमट दिवशी लॅकरचा फवारा दुधाळ पडतो. कोरड्या दुपारची वाट बघा.

कुळे-कॅसलरॉक घाटातल्या गाड्यांची ब्रेकव्हॅन यातूनच बनवू, असं कुणाच्या मनात असेल तर सोडून द्या. आपल्या ब्रेकव्हॅनला क्युपोला नाही, आणि १६७६ मिमीचा ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९ मिमीच्या वर जातो, तर एचओचा रूळ १६.५ मिमीचा. त्यासाठी प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतःच कापलेलं बरं.

मागवताना कबूसच्या लीफ स्प्रिंगवाल्या बोगींची जोडी, (खऱ्या गाडीच्या मापाने) ३३ इंची धातूची चाकं, कपलर, मापक आणि ड्रिलची पाच-सहा पाती एकाच पार्सलात घ्या. पाती मोडतातच, आणि एका ड्रिलसाठी पुन्हा टपाल आणि कस्टम्सचा खर्च परवडत नाही.