आर्टिकलशिपसोबत काय झेपेल: सीएस की एलएलबी?

सीए इंटर निघून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, लागली की सोबत आणखी काहीतरी करून टाकावं असं बहुतेकांना वाटतं. मी सीएस (कंपनी सेक्रेटरी) धरलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने तीन वर्षांचं एलएलबी.

यूजीसीने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली, हे प्रत्येक जण ऐकवतो. आपल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. सीए ही विद्यापीठाची पदवीच नव्हे. आर्टिकलशिपमध्ये दुसरा कोर्स करायचा तर परवानगीसाठी सीएच्या संस्थेचा, आयसीएआयचा, फॉर्म 112 भरावा लागतो. लॉचे नियम बार कौन्सिलचे.

एलएलबीचा अभ्यास झेपतो हो. घोडं अडतं हजेरीवर. 70 टक्के, तीही प्रत्येक विषयात. मैत्रिणीने ऑडिटच्या डायरीत मागच्या पानावर तक्ता आखला होता: विषय, झालेली लेक्चर्स, तिची लेक्चर्स. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायला जायचं ठरलं, की आधी ते पान उघडायची आणि मग सरांच्या केबिनकडे बघायची. टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबर तोंडावर आली, की कॉलेजच्या इंटर्नल्सही नेमक्या तेव्हाच. तिची ती ओढाताण पाहूनच माझं ठरलं. आता तर आर्टिकलशिप दोन वर्षांची झालीय, म्हणजे एलएलबीचं तिसरं वर्ष थेट सीए फायनलच्या अभ्यासावर येणार.

सीएसला मस्टरचा जाच नाही. कंपनी लॉ एकदा नीट वाचला की दोन्हीकडे कामी येतो. मात्र मे महिन्यात सीएचा अटेम्प्ट दिला, की जूनमध्ये सीएसचे पेपर. मधे धड झोपही होत नाही. शिवाय पेपर सोबत उरकले तरी सीएसचं 21 महिन्यांचं ट्रेनिंग उरतंच, हे क्लासवाले जरा हळू आवाजात सांगतात.

कोर्टाचीच ओढ असेल तर गोष्ट वेगळी. आयकर न्यायाधिकरणापर्यंत सीएला उभं राहता येतं, हायकोर्टात वकीलच लागतो. पण सनद घेऊन वकिली आणि सीएची प्रॅक्टिस एकदम चालत नाही, मग घाई कशाला? माझ्या मते एलएलबी फायनलनंतर निवांत करावं. कॉलेज ऑफिसच्या गल्लीत असेल आणि सर समजूतदार असतील तर जमेलही कदाचित. तसं असलं तरी फॉर्मवर सही घेण्याआधी बाहेरगावची ऑडिट किती असतात ते विचारून घ्या.